आमचं गुऱ्हाळ आणि आयला बेटावरची भट्टी

मी दारू पीत नाही, तरी व्हिस्कीची भट्टी बघायला स्कॉटलंडच्या बेटावर गेलो. हसू नका. आमचं वारणाकाठचं गुऱ्हाळ तीन हंगाम बंद आहे. जागेला गिऱ्हाईक आलं होतं, परतल्यावर सही करायची होती. तेवढ्यात वाचलं की आयला बेटावरची एक भट्टी बरीच वर्षं बंद राहून पुन्हा सुरू झालीय. ग्लासगोला लेकीकडे जायचंच होतं. बायकोला, वंदनाला म्हटलं, चल.

ग्लासगोहून बसनं तीन-साडेतीन तास, पुढं दोन-अडीच तास फेरीबोट. गाडी न्यायची तर बोटीवरची जागा आधी धरा, चालत जाणाऱ्यांचं सहज जमतं. वर गरम सूप मिळतं. आम्ही मात्र दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढली. वाऱ्यानं निम्मी चटणी समुद्राला गेली.

भट्टी अगदी पाण्याला लागून. पूर्वी रस्ते धड नव्हते, म्हणून बार्ली आणि कोळसा समुद्रातून यायचा, भरलेली पिंपं समुद्रातूनच जायची. पुढं मागणी बसली आणि दारं बंद झाली. हे सगळं सांगणारे आयन आजोबा भट्टीतले जुने कामगार, तिथंच मुरलेले. फरशीवर भिजवलेली बार्ली मोड यायला पसरली होती. त्यांनी एक दाणा अंगठ्यानं चिरडून भिंतीवर रेघ ओढली. खडूसारखी पांढरी उमटली, म्हणजे माल वाळवायला तयार.

मी विचारलं, "परत सुरू करताना जड काय गेलं?"

"यंत्रं विकत आणली," ते म्हणाले. "हा अंगठा कुठून आणणार? जाणते दोघंच उरलो होतो."

वंदना हळूच म्हणाली, "आणि आपला दत्तूमामा?"

दत्तूमामा आमचा गुळव्या. उकळत्या पाकाचा थेंब गार पाण्यात सोडायचा, बोटांनी गोळी वळायची आणि काहील कधी उतरवायची ते सांगायचं, हे त्याचं काम.

घरी आल्यावर गिऱ्हाईकाला नको म्हणून कळवलं आणि थेट हातकणंगल्याला मामाकडं गेलो.

"मामा, गुऱ्हाळ पेटवायचंय."

"पेटीव की. पर मला आता दिसत न्हाय."

"मग गोळी कोण बघणार?"

"तू. मालक हायस न्हवं? इतकी वर्सं खुर्चीत बसलास, एक तरी गोळी वळलीस काय?"

नव्हती वळली. लाज वाटली मला.

दसरा झाल्यावर चुलाण पेटवलं. मामा शेजारी खुर्ची टाकून बसला. रसाची पहिली दोन आधणं मी करपवली, बोटं भाजली ती वेगळीच. तिसऱ्या आधणाची गोळी मामानं माझ्या हातातून घेतली, दाबून बघितली आणि म्हणाला, "उतरीव."