वहीबाची पंचवीस वर्षं

थोरल्या बहिणीच्या लग्नात ढोल घुमू लागले, बायकांच्या ललकाऱ्या उठल्या, तशी एकोणीस वर्षांची वहीबा कान दाबून जिन्याखाली जाऊन बसली. मावशी तिला ओढायला गेली, तर ती कडकडून चावली. पुढे कित्येक दिवस तिनं अवाक्षर काढलं नाही. "जिन्नानं धरलंय पोरीला," मावशीनं साऱ्या स्फाक्स शहरभर केलं. शेखचं मंतरलेलं पाणी झालं, आणि शेवटी भाऊ मुन्सिफनं तिला इस्पितळात घातलं.

"आवाज ऐकू येतात?" डॉक्टरांनी विचारलं.

"येतात ना. दिव्याचा येतो. पलीकडच्या खोलीतल्या नळाचा येतो."

झालं! स्किझोफ्रेनियाचा शिक्का बसला. इंजेक्शनं झाली, विजेचे झटके झाले. तिचं ठरलेलं लग्न मोडलं. पंचवीस वर्षं ती गोळ्यांच्या गुंगीत घरातल्या खिडकीशी बसून राहिली.

जुने डॉक्टर निवृत्त झाले. त्यांच्या जागी आलेल्या रजाबाईंनी म्हाताऱ्या आईला विचारलं, "खाला, लहानपणी कशी होती ही?"

"हे आजवर कुणी विचारलंच नाही गं," आई म्हणाली. "चार वर्षांची होईतो बोलली नाही. कुसकुसच्या सांज्याला रस्सा लागला की ताट ढकलायची. नवा झगा घातला, तर अंग ओरबाडून घ्यायची."

बऱ्याच भेटींनंतर रजाबाईंनी सांगितलं, "ही वेडी नाही. ऑटिझम आहे हिला, जन्मापासून."

"मग त्या सुया? ते झटके?" आईनं विचारलं.

"नको होते द्यायला," रजाबाई खाली बघत म्हणाल्या.

गोळ्या हळूहळू कमी केल्या. डोकं निवळलं, तेव्हा आरशात वहीबाला आपलं तोंड दिसलं. काही खात नसतानाही ते चघळल्यासारखं हलत होतं.

"हे थांबेल?" तिनं रजाबाईंना विचारलं.

"बहुतेक नाही. औषधांनी झालंय ते."

मुन्सिफ घरी येऊन म्हणाला, "गल्लीत बोलू नका हं कुणी. लोक म्हणतील, शहाण्या बहिणीला कोंडून ठेवलं."

"ठेवलंच होतंस," वहीबा म्हणाली. आवाजात राग नव्हता. घडलं ते तिनं सांगितलं, इतकंच. मुन्सिफ भरल्या ताटावरून उठला. ईदलाही फिरकला नाही.

आई मात्र रोज तिच्यापुढे बसून रडे. "माफ कर गं मला."

माफ करायचं म्हणजे नेमकं काय करायचं, ते वहीबाला कळेना. हुंदके तर कानात खिळे ठोकल्यासारखे लागत.

"उम्मी, इथं नको ना रडूस."

तेव्हापासून आई गच्चीवर जाऊन रडते.