मावसाजींच्या कबरीवरचा ग्रॅनाइट

यंदा ईस्टरला वर्ध्याला जायचं ठरलं ते सुधाकरच्या फोनमुळे. सुधाकर म्हणजे माझ्या मावशीचा पुतण्या; तिला तो मोठी आई म्हणतो. मावसाजींना जाऊन वर्ष झालं होतं आणि कबर अजून मातीचीच होती.

"दादा, तुमी येऊन मोठ्या आईले समजवा. ईस्टरच्या पहाटे सगळ्या मंडळीसमोर दगड बसवाचा आहे. ग्रॅनाइट कापून तयार आहे, अन् मोठी आई जवळ फटकू देत नाई."

घराण्यात शांतपणे बोलणारा म्हणून माझी ख्याती आहे. माझं कुणी ऐकत नाही, हे त्याला ठाऊक नसावं.

यवतमाळहून देवळीमार्गे एसटी घेतली. तिकीट दीडशेच्या आत, धूळ फुकट. सकाळच्या गाडीत डावीकडे बसावं. उजवीकडचे लोक वर्ध्यापर्यंत भाजून निघतात. वर्धा स्टँडबाहेर तर्रीपोहे खाल्ले. "तर्री कमी टाका," म्हटलं तर गाडीवाला म्हणाला, "मंग पोहे काऊन खाता भाऊ? दूध प्या." निमूटपणे पूर्ण तर्री घेतली आणि डोळे पुसत ऑटोने नालवाडीला मावशीचं घर गाठलं.

मावशी पिशवी घेऊन दारातच उभी होती.

"सुधाकरनं पाठवलं ना तुले?"

"नाही, भेटायला आलो."

"सणाच्या आदल्या दिवशी खोटं नोको बोलू. चाल पवनारले. रेती आणाची आहे."

पवनारला लोक आश्रम पाहायला येतात, धाम नदीच्या खडकांवर उभे राहून फोटो काढतात. मावशी पदर खोचून काठावरची रेती चाळत बसली. खडे बाजूला, बारीक रेती पिशवीत. आमचा ऑटोवाला वरून ओरडला, "मावशी, बांधकाम काढलं काय?"

"नाई बापा. बांधकाम नोको म्हणून तं नेऊन राह्यली."

आता माझी पाळी होती. बसमध्ये जुळवलेलं भाषण काढलं. मावसाजींचा मान, मंडळीतली शोभा, पावसात धुपणारी माती. ती चाळत राहिली. शेवटी म्हणाली, "तुह्या मावसाजीले शेवटच्या दिवशी उठाचं आहे. देवानं शब्द देला आहे ना? मंग वरून एवढं वजन कायले?"

"देवाला दगड जड आहे का, मावशी?"

"देवाले नाई. पण पाव्हणा येतो म्हणला, तं आपण कडी लावून बसतो काय? त्याले दार तोडता येते म्हणून?"

परतताना पिशवी मी उचलली.

ईस्टरची पहाटेची उपासना दफनभूमीतच होते. उजाडायच्या बेतात सगळे मेणबत्त्या घेऊन जमलो. ग्रॅनाइट आधीच आला होता. काळा, चकचकीत, त्यात पाहून दाढी करता यावी असा. मावसाजींचं नाव वर, नेटकं. खाली 'सप्रेम भेट' आणि सुधाकरचं नाव, दुरून वाचता येईल असं. फक्त फोन नंबर राहिला होता.

पाळकसाहेबांनी शुभवर्तमान वाचलं: बाया पहाटे येशूच्या कबरीकडे गेल्या, पाहतात तो धोंड लोटलेली. सगळ्यांनी 'आमेन' म्हटलं. आणि त्याच दमात सुधाकरने मजुरांना खूण केली, "हं, सरकवा इकडं."

मावशी कबरीसमोर उभी राहिली.

"सुधाकर, आजच्याच दिवशी देवानं दगड बाजूले केला. अन् तू आजच आणून ठेवून राह्यला?"

पाळकसाहेबांना खोकला आला. मंडळी मेणबत्त्या सांभाळू लागली. सुधाकर लाल झाला. "दादा, बोला ना तुमी! याच्यासाठीच बोलावलं तुमाले!"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मावशीही. तिच्या नजरेत पहिल्यांदाच भीती दिसली. मी 'हो' म्हटलं असतं तर दगड बसलाच असता. मी सोबत आणलेली पिशवी उघडली आणि धामची रेती कबरीवर ओतली. मावशीने वाकून हाताने सारखी केली, अंथरूण करावं तशी.

मजूर ताटकळले होते. "भाऊ, याले ठेवाचं कुठं? हात तुटून राह्यले."

"फाटकाजवळ ठेवा," मावशी म्हणाली, "कडुलिंबाखाली. म्हाताऱ्या माणसाईले बसाले होते."

विटांवर तो आडवा टेकवला. थोड्या वेळाने पाहिलं तर सगळ्यात आधी सुधाकरच बसला होता, बरोबर आपल्या नावावर. मावशीने त्याला उकडलेलं अंडं सोलून दिलं. "दगड थंड तं नाई लागत ना रे?" त्याने मान हलवली. जरा हसलाही.

वर्ध्याच्या गोरसपाक बिस्किटांचा पुडा घेऊन दुपारच्या गाडीने परतलो. वर्धा-पवनार एका दिवसात आरामात होतं; दफनभूमी कुठल्या प्रवासयादीत नसते, तरी उजाडताना जाऊन पाहावी. घरी चहा घेताना बायकोला म्हटलं, "माझ्यावरही दगड नको. नुसती माती."

"दगड नसला तरी तुमी पयल्या हाकेले उठसान, याची काय खात्री?" ती म्हणाली. "रोज तीनदा हाक मारा लागते."

दुसऱ्या दिवसापासून मी पहिल्या हाकेला उठतो. सराव असलेला बरा.