वहीतलं पहिलं नाव

लायडनच्या प्रयोगशाळेत राजन दामले डोळ्यांना न दिसणारे जंतू दिवसभर बिनचूक मोजतो. समुद्रावरून भुर्रकन जाणारे पक्षी मात्र त्याला दिसेपर्यंत इंग्लंडात पोचलेले असतात. तीन हिवाळे झाले, दर रविवारी तो काटवाइकच्या वाळूच्या टेकडीवर, स्थलांतर मोजणाऱ्या डच म्हाताऱ्यांत कुडकुडत उभा असतो. तिथला नियम कडक: दुर्मीळ पक्षी दोघांनी पाहिला तरच वहीत चढतो, आणि ज्याने आधी पाहिला त्याचं नाव पहिल्या रकान्यात. त्या रकान्यात एकदा तरी आपलं नाव लागावं, एवढीच राजनची महत्त्वाकांक्षा उरली होती. बढतीचा नाद त्याने केव्हाच सोडला होता.

नोव्हेंबरातल्या त्या रविवारी वायव्येचा वारा असा सुटला होता, की तोंड उघडलं तर दात गार पडावेत. असा वारा उत्तरेकडचे पक्षी किनाऱ्याला आणतो, म्हणून राजनने बायकोलाही ओढून आणलं. सुहासिनीने दोन स्वेटर, त्यावर त्याचा कोट आणि सगळ्यावर शाल असा बंदोबस्त केला होता.

तिला स्टँडवरच्या दुर्बिणीला लावून राजन समुद्राकडे पाठ करून शिकवू लागला, "हे बघ, ह्या रोजच्या पांढऱ्या कुरवांकडे लक्षच द्यायचं नाही..."

"राजन, तो बुटका कोण चाललाय?"

"मध्ये बोलू नको. तर कुरव—"

"अरे, मानच नाहीये त्याला! आपल्या अजितकाकांसारखा. लाटेला चिकटून पळतोय बघ!"

राजनने दुर्बिणीवर झडप घातली. काळी पाठ, पांढरं पोट, मुठीएवढा जीव. लिटल ऑक! थेट आर्क्टिकहून! तो असा ओरडला, की वही सांभाळणारे योप पलीकडून धावत आले. पक्षी तोवर दिसेनासा झाला होता.

"आधी कोणी पाहिला?" योपनी डचमध्ये विचारलं. पेन्सिल पहिल्या रकान्यावर टेकली.



"तुझं सांग की," सुहासिनी मराठीत म्हणाली. "मला काय करायचंय त्या वहीत?"

राजनने पहिल्या रकान्याकडे पाहिलं. दुसऱ्याचं निरीक्षण आपल्या नावावर खपवणाऱ्यांना त्याने प्रयोगशाळेत जन्मभर शिव्या घातल्या होत्या.

"सुहासिनी," तो म्हणाला, आणि एकेक अक्षर योपना सांगत बसला. मग साक्षीदार म्हणून स्वतःचं नाव सांगितलं, ते वाऱ्यात योपना दोनदा विचारावं लागलं.

"चल, जाऊ घरी," तो बायकोला म्हणाला. "बोटं गेली माझी."

"जाऊ कुठे? सरक," दुर्बिणीला डोळा लावत सुहासिनी म्हणाली. "आणि जरा वाऱ्याच्या बाजूला उभा राहा. मला गार लागतंय."