दादाच्या पानावरची पहिली ओळ

माणूस मेल्यावर त्याच्यावरची बंदी संपते का?

हे मी सायकल संघटनेच्या ऑफिसात फोन करून विचारलं. बाई म्हणाल्या, "होल्ड करा." तो फोन अजून होल्डवरच आहे! वकिलाला विचारलं, तो हसला. खालिदभाईंना विचारलं, ते उठून चहा सांगायला गेले.

खालिदभाईंचं नांदेडला सायकलचं दुकान आहे, तिथं मी कामाला आहे. दुकानाच्या कोपऱ्यात फुटक्या ट्यूबांचा ढीग पडलेला असतो. कुणी फेकून देत नाही. माझ्या दादाचे किस्सेही तसेच साठलेत. माझं शिक्षण सातवी, तेही ढकलत ढकलत. लिहिण्यात चुकलं तर चुकलं.

दादा म्हणजे माधव, माझा मोठा भाऊ. रस्त्यावरच्या सायकल रेस मारायचा. राज्याची दोन मेडलं होती. मग लातूरच्या एका रेसनंतर त्याची लघवी तपासली आणि चार वर्षांची बंदी लागली.

*

बंदीला वर्ष झालं असेल. दादा दुकानात बसला होता. एक गिऱ्हाईक पंक्चर काढायला आलं आणि म्हणालं, "माधवभाऊ, इंटरनेटच्या विश्वकोशात तुमच्या नावाचं पान हाय की!"

खालिदभाईंनी वाचायची वाट बघितली नाही. किलोभर पेढे आणले. चहावाला, ऑटो स्टँड, समोरचं मेडिकल, सगळ्यांना वाटले. "अपना माधव किताब में आ गया!" आमच्या आईसाठी गावाकडं वेगळा पुडा पाठवला. आणि मग त्या गिऱ्हाइकाला म्हणाले, "आता वाच. जोरात वाच!"

त्यानं जोरात वाचलं. "माधव हे उत्तेजक द्रव्य घेतल्याबद्दल चार वर्षांची बंदी घातलेले सायकलपटू आहेत."

सगळ्यांच्या तोंडात पेढा होता. दादानं आपला पेढा चावून संपवला आणि म्हणाला, "वापस मागू नका, खालिदभाई. लोकांनी खाल्लेत."

*

त्यानंतर देगलूरकडच्या एका शाळेनं दादाला प्रमुख पाहुणा म्हणून बोलावलं. सूत्रसंचालन करणाऱ्या सरांनी पाहुण्यांची माहिती त्याच पानावरून उतरवून घेतली होती. घाईत असतील. माईकवर दणक्यात म्हणाले, "आणि आंतरराष्ट्रीय नियमांनुसार चार वर्षांची बंदी मिळवणारे आपल्या जिल्ह्यातले पहिले सायकलपटू!"

पोरांनी कडकडून टाळ्या वाजवल्या. हेडमास्तरांनी शाल घातली.

परतताना बसमध्ये दादा म्हणाला, "गज्या, मेडल आणलं तवा बी एवढ्या टाळ्या न्हाई पडल्या."

मला राग आला होता. मी म्हणालो, "लातूरच्या रेसला तुला फसवलं कुणीतरी. ताकदीची सुई म्हणून भलतंच टोचलं. आपण सांगू ना सगळ्यांला!"

दादा शालीची घडी घालत होता. "कुणी न्हाई फसवलं. त्या सुईत काय हाय, मला म्हाईत होतं."

नांदेडला उतरताना तो एवढंच म्हणाला, "आईला सांगू नको."

*

बंदीच्या तिसऱ्या वर्षीही तो रोज सकाळी लातूर रोडला सायकल मारायचा. मी म्हणायचो, "आता कशाला?" तो म्हणायचा, "बंदी रेसवर हाय. रस्त्यावर न्हाई."

रस्त्यावर टिप्पर होता.

पेपरात बातमी आली, "बंदी घातलेला सायकलपटू ठार". टिप्परवाल्याचं नाव नव्हतं, मालकाचं नव्हतं. गावाचं नावही चुकलेलं. बंदी मात्र बरोबर चार वर्षांची!

*

तेराव्यानंतर आई म्हणाली, "माधवचं पान वाचून दाखव." तिला वाचता येत नाही. पान आहे, एवढं पेढ्यांमुळं माहीत. बंदीचं आम्ही सांगितलंच नव्हतं. मी पहिली ओळ सोडून वाचलं. जन्म, गाव, दोन मेडलं. ती म्हणाली, "उद्या बी वाच."

पण उद्या दुसऱ्या कुणी वाचून दाखवलं तर? त्या विश्वकोशात कुणालाही लिहिता-खोडता येतं. मी ती ओळच खोडली. दहा मिनिटांत परत आली! अकरा वेळा खोडली, अकरा वेळा आली. शेवटी तिथल्या एका संपादकानं विचारलं, "आपण या व्यक्तीला ओळखता का?"

मी लिहिलं, "एका ताटात जेवलोय."

उत्तर आलं, "मग आपण या लेखात लिहू नये."

म्हणजे ओळखत नाहीत त्यांनीच लिहायचं! त्यालाही मी बंदीचा प्रश्न विचारला. त्यानं नियमांच्या पानाची लिंक पाठवली.

*

मला टाइप करायचा कंटाळा, म्हणून एकदा फोनला बोलून लिहिलं. दुकानात बसूनच. न बघता बटण दाबलं. पानावर छापून आलं, "माधव लई जिद्दी होता अरे पाना कुठं ठेवला गज्या गिऱ्हाईक थांबलंय."

खालिदभाईंनी ते तीनदा वाचायला लावलं. म्हणाले, "हे राहू दे. हे खरं हाय." पाच मिनिटांत तेही उडालं.

*

मग खालिदभाईंनीच युक्ती सांगितली. "चाकाचे स्पोक एकदम ढिले करतो का? चाक वाकडं होतं. थोडा थोडा पीळ सोड."

मी थोडं थोडं सोडलं. एका दिवशी त्या ओळीतला एक शब्द. मग चार दिवस गप्प. मग दुसरा. खाली बातम्यांच्या लिंका होत्या, त्याही एकेक काढल्या. दीड महिन्यात सगळं साफ झालं आणि कुणाच्या लक्षातही आलं नाही! त्या दिवशी दुकानात चहा मी पाजला. गावाकडं जाऊन आईला पहिल्यांदा पान वरपासून खालपर्यंत न अडखळता वाचून दाखवलं.

पुढच्या आठवड्यात पानावर लाल चौकट आली. या व्यक्तीची दखल घेतल्याचा एकही पुरावा लेखात नाही, सात दिवसांत न दिल्यास पान काढून टाकण्यात येईल.

मी मेडलांचे फोटो टाकले. तिथले संपादक म्हणाले, चालत नाही, छापील बातमी पाहिजे. दोन दिवस खालिदभाई आणि मी शोधत होतो. मेडलाची बातमी कुणी छापलीच नव्हती. छापलेल्या बातम्या दोनच होत्या, एक बंदीची आणि एक टिप्परची.

सातव्या दिवशी मी गावाकडं होतो. आई चुलीपाशी भाकरी करत होती. म्हणाली, "झाल्यावर वाच बरं का माधवचं."

"हाव," म्हणालो.

ती पहिली ओळ मला पाठ होती. या वेळी बोलून नाही, एका बोटानं टाइप केली. पूर्ण. सगळ्यात वर. खाली दोन्ही बातम्यांच्या लिंका दिल्या.

बटणाच्या वर एक रकाना असतो, बदल का केला ते सांगा. तो मी रिकामा ठेवला आणि बटण दाबलं.