सगळ्यांचं थोडं थोडं वर

“अक्काना आवाज थकी गया, भाऊ. दुसरी बाई देखा.”

कीबोर्ड वाजवणारे दादा हे अगदी हळू म्हणाले. माझ्या कानांवर हेडफोन होता, म्हणून मला ऐकू जाणार नाही असं त्यांना वाटलं. हेडफोनमध्ये त्या वेळी काहीच वाजत नव्हतं.

भाऊ म्हणजे स्टुडिओचे मालक. धुळ्यात देवपूरला त्यांच्या घराची मागची खोली, भिंतींना ठोकलेल्या गाद्या आणि एक नवाकोरा कॉम्प्युटर, एवढा तो स्टुडिओ. नव्वदचं दशक संपत आलं होतं. भाऊंची सगळी हयात टेपवर रेकॉर्डिंग करण्यात गेलेली. पडद्यावर इंग्रजी दिसलं की ते चष्मा पुसत बसायचे. म्हणून कॉलेज सुटल्यावर कॉम्प्युटर चालवायला मी तिथे जाऊ लागले. मी जळगावच्या इंग्रजी शाळेत शिकलेली. घरी आई आणि मावशी अहिराणीत बोलायच्या, मला सगळं कळायचं, पण चारचौघांत ती बोलायला जीभ उचलायची नाही. स्टुडिओत तर मी ‘हो’ आणि ‘झालं’ यापलीकडे क्वचितच जायचे.

खान्देशातल्या कानबाई देवीच्या गाण्यांची कॅसेट श्रावणाआधी निघायची होती. अक्का पारोळ्याच्या. लग्नाघरी, कानबाईपुढे जन्मभर गायलेल्या, पण माइकसमोर पहिल्यांदाच. तयार गाणं ऐकायला त्या एसटीने आल्या होत्या, ठेवणीतलं लुगडं नेसून, सगळ्या गल्लीला सांगून. पुढच्या खोलीत चहा घेत होत्या. मघाशी मी पाणी द्यायला गेले तेव्हा त्यांनी विचारलं होतं, “गानं बरं व्हयनं ना, माय?” मी नुसती मान हलवली.

बरं झालं नव्हतं. अक्का वरच्या सुरात गेल्या की स्पीकरमधून खरखर यायची, अगदी नेमकी तिथेच.

ती कशाने येते हे मला ठाऊक होतं, कारण ती मीच केली होती. आदल्या आठवड्यात ढोलकीवाले नाना माझ्या खुर्चीमागे येऊन कुजबुजले, “बेटा, ढोलकी जराशी वर ले. भाऊले सांगू नको.” मी वर घेतली. दुसऱ्या दिवशी दादा आले, “ताई, कीबोर्ड ऐकूच येत नही.” तोही वर घेतला. शेवटी खुद्द भाऊ. कोरसात त्यांचा आवाज होता. “कोरस कसा भरेल पाहिजे!” मग तोही. नाही म्हणायला बोलावं लागतं. हो म्हणायला माउस पुरतो.

आवाजाचे हिरवे पट्टे लालपर्यंत गेले, तेव्हा भाऊ उलट खूश झाले. टेपवर काटा लालमध्ये गेला की गाणं दणकट वाजायचं, असा त्यांचा अनुभव. कॉम्प्युटरचं तसं नव्हतं. सगळे आवाज मिळून मर्यादेच्या वर गेले की वरचा भाग तो सरळ छाटून टाकायचा आणि खरखर व्हायची. अक्का वर चढत तिथे ढोलकी, कीबोर्ड, कोरस सगळेच जोरात असत. अक्कांना मात्र मी बोटभरही वाढवलं नव्हतं. त्यांनी सांगितलंच नव्हतं.

“जळगावला एक पोरगी शे,” नाना म्हणाले. “उद्या येई. चाल तर बसेल शे.”

भाऊंनी चष्मा काढून पुसला. मग म्हणाले, “अक्काले कोन सांगी?”

दादा पंख्याकडे बघू लागले. भाऊच शेवटी उठले आणि पुढच्या खोलीच्या दाराकडे निघाले.

मी हेडफोन काढला. बाकी सगळे आवाज बंद केले आणि फक्त अक्का स्पीकरवर लावल्या. तोच वरचा सूर. एकट्या अक्का, स्वच्छ, खणखणीत. सूर संपताना घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. भाऊ दारातच थांबले. पलीकडून अक्काही आपलाच आवाज ऐकून उठून आल्या, कपबशी हातात तशीच.

“मंग खरखर कशानी ऱ्हायनी?” भाऊंनी विचारलं.

“मशीन बिघडनं व्हई,” नाना पटकन म्हणाले. दादांनी लगेच मान डोलावली.

तिघेही माझ्याकडे बघत होते. मीही ‘हो’ म्हटलं असतं तर त्या दिवशी कोणाचंच काही गेलं नसतं. पण गाण्यातली खरखर तशीच राहिली असती, आणि उद्या ती पोरगी आली असती. अक्का काही न समजून हसत उभ्या होत्या. मराठी शोधत होते, पण तोंडातून निघाली ती आईची अहिराणी, आणि चांगली मोठ्याने:

“मशीन बरं शे, भाऊ. अक्का बी बरी शे. मीच तुमना तिन्ही जनस्ना आवाज वाढाडा. आते तिन्ही खाले लेस.”