टेम्पोत चौघं

ह्या दिवाळीच्या आधी माझ्या मुलीने मला मोबाइलवर एक गाडी दाखवली. आत बिछाना, छोटासा ओटा, खिडक्यांना पडदे. परदेशातलं कुणी जोडपं दोन लहान पोरांना घेऊन त्या गाडीतच राहत होतं. जिथे आवडेल तिथे मुक्काम. "ह्याला कॅम्पर म्हणतात," ती म्हणाली, "भारी ना, मम्मी?" मी म्हटलं, "अगं, आपल्याकडे होती की असली गाडी." मी आपल्याकडे विमान होतं म्हटल्यासारखी ती बघायला लागली.

आपल्याकडे म्हणजे तिच्या वडिलांचा टेम्पो. आम्ही मूळचे धुळ्याकडचे, आता सुरतेत, डिंडोलीत राहतो. हे कडोदऱ्याच्या लूमवरून कापडाचे टाके, म्हणजे तागे, उचलून रंगाईच्या मिलमध्ये पोचवतात. दिवाळीला कापडाचं मार्केट बंद झालं की लाभपाचमेला उघडेपर्यंत टेम्पो रिकामा आणि हे त्याहून रिकामे. एका वर्षी घरात बसून बसून कंटाळले आणि टेम्पो धुवायलाच घेतला. वरून ताडपत्री ओढली, मी हौद्यात जुन्या साड्यांची गोधडी अंथरली, आणि आम्ही सापुताऱ्याला निघालो. मुलगी तेव्हा बालवाडीत, मुलगा अंगावर पिणारा.

ताडपत्रीसाठी वर लोखंडी कमानी होत्या. त्यांना मी साडीची झोळी बांधली. रस्त्याला खड्डे एवढे की झोका द्यायचं कामच नाही, मी नुसता झोळीला हात लावून बसायची. भूक लागली की गाडी बाजूला घ्यायची, तीन दगड मांडायचे आणि हिरवी वांगी भाजायची. पोरांनी काही सांडलं, गोधडी ओली केली, तर ती झुडपावर वाळत टाकायची आणि तोवर आपण सावलीत लोळायचं. तसं हॉटेलात कुठं करता येतं? तिथे बाहेरचं खाणं आणायचं नाही, आवाज करायचा नाही, चादरीला डाग पडला की खालचा माणूस तोंड वाकडं करतो. मला हॉटेलांचा राग आहे, तो आजचा नाही.

पुढच्या दिवाळीत ह्यांना साहेबी सुचली होती. खोली घेतली, पांढरीशुभ्र गादी, आणि मुलगा त्या गादीवर पाठ टेकवायला तयार नाही. त्याला झोळीच हवी. हे आंघोळीला गेले होते. मी साडीचं एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरं बाथरूमच्या कडीला बांधलं. पोरगा चार झोक्यांत गाढ झोपला. थोड्या वेळाने दार हलायला लागलं. दार आतल्या बाजूला उघडणारं, ते ओढलं की झोळीला हिसका.

"व, दार उघड ना!" आतून आवाज आला.

"पोऱ्या निजना शे," मी हळूच आमच्या अहिराणीत म्हटलं, "तठेच बठा."

बसले बिचारे, बादली पालथी घालून. इकडे मी आणि मुलगी तोंडात पदर कोंबून हसत होतो. पोरगा उठल्यावर त्यांची सुटका झाली, आणि बाहेर आल्या आल्या ते म्हणाले की आपला टेम्पोच बरा. मग कितीतरी वर्षं आम्ही टेम्पोनेच फिरलो.

पुढे पोरं मोठी झाली, शाळेतल्या पोरांमध्ये टेम्पोची लाज वाटायला लागली, आणि हॉटेलं सुरू झाली. मागच्या खेपेला दोघांनी स्वतःसाठी वेगळी खोली मागितली. आम्ही लवकर झोपतो आणि त्यांना टीव्ही बघायचा असतो, हे खरंच होतं. पण भिंतीपलीकडे माझी पोरं आणि इकडे मी टक्क जागी. एवढ्या मऊ गादीवर मला रडू आलं. त्यात आता मुलगी बडोद्याला शिकायला जाणार, हॉस्टेलवर. म्हणून ह्या दिवाळीत मी हट्टच धरला, एकदा तरी चौघांनी टेम्पोतून जायचं.

"टेम्पोमें कौन जाता है घूमने?" मुलगा म्हणाला. ह्यांनी डोळे वटारले तेव्हा तयार झाला, तेही मुक्काम हॉटेलातच करायच्या अटीवर. मी म्हटलं, चालेल, दुपारची झोप तरी माझ्या टेम्पोत.

सापुताऱ्याच्या वाटेवर, वघईच्या पुढे सागाच्या झाडांत गाडी थांबवली. वांगी भाजली. दोघांनी बोटं चाटत भरीत खाल्लं, मला तेवढ्यानेच भरून आलं. मग हौद्यात गोधडी अंथरली आणि चौघं आडवे झालो. मुलाचे पाय फाळक्याच्या बाहेर लोंबायला लागले. आडवं झोपून पाहिलं, तिरकं झोपून पाहिलं, एकाचं डोकं इकडे, दुसऱ्याचं तिकडे. ह्यांचं कोपर मुलीच्या डोळ्यात गेलं. मी हसत होते, सगळ्यांनी हसावं म्हणून जरा जास्तच.

मुलगी उठून बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मग अगदी मऊ आवाजात म्हणाली, "मम्मी, तू झोप हां. आम्ही इथेच आहोत, बाहेर." लहानपणी मी तिला निजवताना असंच बोलायची. माझ्या पायांवर तिने चादर सरळ केली आणि दोघंही उडी मारून उतरली.

"मोठी गाडी घेऊ या का?" ह्यांनी विचारलं.

"गाडी पुरते हो," मी म्हटलं, "मला पोरं लहान पाहिजेत."

बाहेर दोघं मोबाइलवर कशाला तरी खिदळत होती. आम्ही त्या गोधडीवर तसेच पडून राहिलो, हे त्या कडेला, मी ह्या कडेला, मधली जागा सोडून.