ट्युलिपला ताण

आईने मोबाईलवर कुठेतरी ट्युलिपची शेतं पाहिली आणि कुणालाही न विचारता आठ कंद मागवले. खोकं आलं तेव्हा मी पडवीत पत्रकांचे गठ्ठे बांधत होते. थंडीच्या मुलखातलं फूल आमच्या मालवणच्या खाऱ्या वाऱ्यात कशाला, म्हणून मी चिडले, आणि तसं बोललेही.

आई म्हणाली, "तू जगाक सुधार. माका फूल बघूचा आसा."

बाबांचा कुडाळला लहानसा छापखाना होता. आमच्या घरात वर्तमानपत्रापेक्षा पत्रकं जास्त. मी अक्षरं त्यांच्यावरच गिरवली. मला नीट वाचता आलेला पहिला मोठा शब्द 'निषेध' होता. अशा घरात फुलांचा विषय निघाला की मला आपण वेळ फुकट घालवतोय असं वाटायचं, अजूनही वाटतं.

डिसेंबरात आईने उत्तरेच्या पडवीत कुंड्या मांडल्या. नदीची रेती, लाल माती, जुनं शेण. विहिरीचं पाणी रात्रभर माठात ठेवून सकाळी घालायची, एक दिवस आड. आधी मातीत दोन पेरं बोट खुपसायची. बोट कोरडं आलं तरच पाणी. जानेवारीच्या शेवटी आठांतली तीन फुलली. जेमतेम वीतभर उंची. शेजारची काकी बघायला आली.

"कांद्याक फूल इला गो," ती म्हणाली आणि मोबाईल काढून फोटो घेतला.

दुपारच्या उन्हात ती लाल फुलं बशीसारखी उघडी पडायची. पाचव्या दिवशी पाकळ्या गळल्या. वेंगुर्ल्याच्या एका रोपवाटिकेतल्या माणसाने आईला सांगितलं होतं, हे कंद आपल्याकडे एकदाच फुलतात, मग फेकून द्यायचे. आईला ते पटलं नाही. त्याच कंदांना पुढच्या वर्षी पुन्हा फूल आणून दाखवीन, असं तिने काकीला सांगितलं, आणि काकीला सांगितलं म्हणजे वाडीला सांगितलं. ती पानांना पाणी घालत राहिली. म्हणायची, "पान आसा तोवर कांदो जेवता."

होळीच्या सुमारास पानं पिवळी पडली आणि तिने पाणी थांबवलं.

"आता ह्येंका ताण देवक व्हयो," ती मला म्हणाली. "एक थेंब घालू नको."

ताण देणं म्हणजे झाडाचं पाणी मुद्दाम तोडणं. मोगऱ्याला देतात, लिंबाला देतात, मला माहीत होतं. पण त्याच आठवड्यात मी वरच्या वाडीसाठी पत्रक लिहिलं होतं. खाली किनाऱ्यालगत नवं लॉजिंग झालं होतं. त्याच्या टाक्या भरल्याशिवाय नळाचं पाणी वर चढत नव्हतं. माझ्या पत्रकाचा मथळा होता: 'आमचं पाणी कोण तोडतं?' मी घरोघर फिरत होते, पाणीपुरवठ्याच्या कचेरीत जात होते. साहेब प्रमाण मराठीत गोड बोलायचे, चहा द्यायचे, अर्ज ठेवून घ्यायचे. संध्याकाळी मी घरी यायची ती पाय आपटतच. पडवीत त्या आठ कुंड्या, भेगा पडलेली माती, मरगळलेली पानं.

पहिल्यांदा मी पाय धुऊन उरलेलं पाणी ओतलं. माती ते गटागट प्यायली. दिवसभरात माझ्या हातून झालेलं तेवढं एकच काम, असं मला वाटलं. पुढे कचेरीतून हात हलवत आले की मी एक तांब्या फिरवायची. आई तेव्हा मागच्या परड्यात असायची. तिची बंदी मला आठवत होती. पण तहानलेल्याला पाणी द्यायला परवानगी कसली, असं मी स्वतःशीच, भाषणातल्यासारखं, म्हणायची.

मे महिन्यात आईने कुंड्या उकरल्या. सडक्या कांद्याचा वास पडवीभर सुटला. पाच कंद बोटाने दाबले की फुटत होते, वर करडी बुरशी. तीन तेवढे धड निघाले, तेही सुपारीएवढे. आई उकिडवी बसून एकेक कंद पुन्हा दाबून बघत होती.

"दर्याची हवा," काकी म्हणाली. "ह्या आपला काम न्हय."

"माझ्याच हाताक गुण नाय," आई म्हणाली. "मेल्या रेतीनच पाणी धरून ठेवला असतला."

मी तिथेच उभी होते. सडके कंद मीच उचलून परड्यात टाकून आले.

त्यानंतरचे दिवस मला घरात बसवेना. मी मीटिंगला जायची, तिथे मन लागेना, परत यायची. कचेरीतल्या माणसांनी खरं बोलावं म्हणून मी घसा कोरडा करत होते, आणि घरात आई येणाऱ्या-जाणाऱ्याला आपला हात वाईट असल्याचं सांगत होती. एकदा तर तिने कढीलिंबाचं रोप काकीलाच लावायला सांगितलं. आई म्हणजे पन्नाशी उलटलेली, आयुष्यभर झाडं लावत आलेली बाई. त्या दिवशी ती मासे साफ करत असताना मी म्हटलं,

"आये, त्या कुंड्येत मी पाणी घातलंय."

"कधी?"

"ताण दिल्यार. पाच-सहा वेळा."

तिने कोयतीवरून हात काढला नाही. "आणि म्हैनोभर माका बोलूक दिलंस, माझ्या हाताक गुण नाय म्हणान?"

मी मान हलवली.

"पाणी घातलंस त्याचा काय नाय. कांदे कुसले, कुसले. पण ह्या?" मग मान वर करून म्हणाली, "आता पत्रक काढ. घराघरात वाट. पयला काकीकडे दी."

मी काकीकडे गेले. पायरीवर उभं राहून सांगितलं. कचेरीतल्या साहेबांसमोरसुद्धा मी कधी एवढी अडखळले नव्हते. काकी म्हणाली, "तरी म्हटलंय, तुझ्या आवशीचो हात असो कसो." मग मला ताक दिलं आणि वाडीला सांगायला गेली.

उरलेले तीन कंद आईने फडक्यात बांधून पावसाळाभर चुलीच्या वर, बियाण्याच्या काकड्यांशेजारी टांगले. चतुर्थी उरकल्यावर ते डब्यात घालून फ्रिजमध्ये ठेवले. डब्याजवळ केळी नाहीत, चिकू नाहीत. पिकत्या फळाच्या वाऱ्याने आतली कळी मरते, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. लाईट गेली की फ्रिजचं दार कुणी उघडायचं नाही. डिसेंबरात पुन्हा कुंड्या. मी लांबच राहिले.

या जानेवारीत आई तीन दिवस धामापूरला मामाकडे लग्नाला गेली. जाताना मला म्हणाली, "बोट घालून बघ. ओला लागला तर नुसता बघ."

मी दिवसातून पाच वेळा बोट घातलं. मधे एकदा कचेरीतून आले, डोकं तापलेलं, तांब्या हातात होता. माती ओली लागली. तांब्या खाली ठेवला आणि पडवीत फेऱ्या मारत राहिले. तिसऱ्या सकाळी बोट कोरडं आलं. माठातलं अर्धा तांब्या पाणी कडेकडेने घातलं. दोन कुंड्यांत नुसती पानं. तिसरीत पानांच्या बेचक्यात एक हिरवं टोक वर आलं होतं. मी जमिनीवर आडवी होऊन ते बघितलं, दोन्ही बाजूंनी.

तेवढ्यात आईचा फोन. मागे लग्नाचा बाजा वाजत होता. एका कुंडीत टोक वर आल्याचं मी सांगितलं.

"कळी काय पान?" तिने विचारलं.

कळी म्हणावंसं फार वाटलं. तिला ते हवं होतं, मलाही.

"अजून कळत नाय, आये," मी म्हटलं.